जीवनच्या केळी

प्रिय प्रशांत, आणि सिंधीपुऱ्यातल्या ओट्यावर बसणाऱ्या माझ्या सगळ्या दोस्तांनो,

लढाई थांबली तरी आपला हर्षल अजून घरी का येत नाही, म्हणून तुम्ही चिडला आहात. मीही चिडलोय. या परक्या मुलखात आम्हा शांतिसेनेच्या जवानांना विमानाची वाट बघत बसवून ठेवलंय. गाड्या बंदरावर गेल्या, यंत्रं गेली, तंबूही गेले. माणसं शेवटी. आता पुढच्या आठवड्यात आमचा नंबर लागलाय, पण मला आनंद होत नाही. त्याला कारण तू आहेस, प्रशांत.

कॉलेजात वादविवादाला आपण जोडीनं जायचो. टाळ्या कुठं पडतील ते तू सांगायचास, गर्जायचो मी. तुझी ती सवय गेलेली दिसत नाही. माझ्या स्वागताला स्टेशनापासून डीजे, उघडी जीप, चौकात माझा बॅनर, आणि बॅनरवर माझ्याहून मोठा तुझा फोटो! निवडणूक जवळ आली म्हणायची.

बहादरपुरचा जीवन इथं माझ्याच तुकडीत होता. अख्ख्या बटालियनमध्ये आपल्या बोलीत शिव्या देणारा तो एकटाच. ताटात इथलं केळं आलं की हातात फिरवून म्हणायचा, "भाऊ, हे केळं हाये का पेन्सिल? माह्या मायले दाखवजो नको, रडीन ते." लढाई थांबल्याची घोषणा झाली तेव्हा आम्ही दोघं चिखलात नाचलो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, निर्वासितांच्या छावणीत सांडपाण्याचा चर खणताना त्याला ताप भरला. डासांचा ताप, डोक्यात चढला. डॉक्टरांनी हेलिकॉप्टर मागितलं. ते तहाच्या समारंभाला आलेल्या पाहुण्यांना वरून नदी दाखवत फिरत होतं. आमच्याकडं आलं तोवर मी जीवनच्या पायातले बूट काढून बाजूला ठेवले होते. आणि त्याच समारंभात, आम्ही एकही जवान गमावला नाही, असं भाषण झालं. टाळ्याही पडल्या म्हणे.

इथल्यांचं सोडा. आपल्या गावानं काय वेगळं केलं? त्याची पेटी बहादरपुरला आली, तेव्हा तुमच्यातला एकही गेला नाही. माझी बायको निशा फोनवर सांगत होती, तुमच्या ओट्यावर कोणीतरी बोललं, "गोळी थोडीच लागली, तापानं तर कोणीही मरतं." ते ऐकून तिला शरमेनं तोंड लपवावंसं वाटलं, आणि तुम्ही चहा पीत बसलात. अरे, गोळी शोधणाऱ्यांनो, ज्याला देशानं पाठवलं तो पाठवलेल्या कामावर पडला. त्याला शहीद म्हणायला तुमची जीभ का अडते? शरीरातलं भोक दाखवल्याशिवाय तुम्ही रडणार नाही का?

प्रशांत, काल तू केळीच्या एका शेताचा फोटो धाडलास. खाली लिहिलंस, "कमानीचे खांब फिक्स. एकदम फर्स्टक्लास, घडासकट. तू येशील त्या पहाटे कापू. बहादरपुरची मालूबाई एका शब्दात हो म्हणाली." ती जीवनची माय आहे. तुला ते माहीतही नव्हतं, आणि हेच मला सहन होत नाही. शुभकार्याला केळीचे खांब मागितले तर आपल्याकडं कोणी नाही म्हणत नाही. तिनंही म्हटलं नाही. त्या केळी जीवननं इकडं येण्याआधी, सुट्टीत स्वतःच्या हातानं लावल्या होत्या. घड त्यानं पाहिलेच नाहीत. आता माझ्या स्वागताला तू त्यांच्यावर कोयता चालवणार? त्या कमानीखालून मी जाणार नाही. कोयता घरी ठेव. मी हे हातानं लिहून याचे फोटो तुला पाठवतोय, ते एकाच कामासाठी. उद्या सकाळी या सगळ्यांना घेऊन बहादरपुरला जा. कॅमेरा नेऊ नकोस. मालूबाईच्या अंगणात उभा राहा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं वाच. या वेळी टाळ्यांची जागा शोधू नकोस.

तुझाच, अजूनही,
हर्षल