अर्धं डोकं, पूर्ण अभ्यास

५ मार्च, गुरुवार

काल धुळवड. गावातल्या गुड्डूने त्याचा डीजे नेमका आमच्या राईस मिलसमोर उभा केला. दुपारी डावी कानपटी ठोकू लागली. मग उलटी. मग अंधाऱ्या खोलीत डोक्यावर ओला गमछा. दिवस गेला.

आज डोकं शांत आहे म्हणून निर्णय घेतला. मायग्रेन कायमचं बंद. २६ एप्रिलला रिंकीचं लग्न. एकुलती एक पोरगी. त्या दिवशी वधूपिताच खाटेवर पडला तर दवनीवाड्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

सकाळपासून मोबाईलवर अभ्यास केला. विषय पूर्ण समजला. आपला मेंदूच जास्त सेन्सिटिव्ह असतो. ऊन, आवाज, वास, उपाशी राहणं, झोप बिघडणं, टेन्शन, काहीही पुरतं त्याला. सेन्सिटिव्ह मेंदू, हे वाचून बरं वाटलं. शाळेत गुरुजी माझ्या मेंदूबद्दल वेगळंच सांगायचे.

एक गोष्ट मात्र वाईट. हा त्रास बऱ्याचदा खानदानी असतो. बाबांनाही होता, आम्ही त्याला पित्त म्हणायचो. अर्जुनी मोरगावच्या व्याह्यांच्या कानावर हे अजिबात जाता कामा नये. भैयाजी बिसेन म्हणजे मोठं घराणं. बापाचं डोकं असं, तर पोरीचं कसं असेल, असा विचार केला त्यांनी तर सोयरीकच मोडायची.

बायको रुक्मा म्हणाली, गोंदियाले डॉक्टरकडे काऊन जात नाही जी? डॉक्टर माझं डोकं दहा मिनिटं पाहणार. मी एक्कावन्न वर्षं पाहून राहिलो.

७ मार्च, शनिवार

संकल्प पहिला: चहा बंद. सकाळपासून घोटभर नाही. दुपारपर्यंत डोकं फुटायला आलं. म्हणजे चहाच कारण होता, सिद्ध झालं. विष बाहेर पडताना त्रास व्हायचाच.

संध्याकाळी: चहा घेतला. औषध म्हणून. डोकं उतरलं. त्यामुळे चहा हे कारण नाही, हेही सिद्ध झालं. एका दिवसात दोन शोध.

१० मार्च, मंगळवार

आवाजावर उपाय. मिलमध्ये कानात कापूस घालून बसलो. शांतता अप्रतिम. धुरपताबाई धान घेऊन आली, काहीतरी बोलली, मी मान हलवली. कोंडा मले पायजे, असं म्हणत होती म्हणे. तो दुसऱ्याच्या पोत्यात गेला होता. नंतर ती जे बोलली ते कापसातूनही स्वच्छ ऐकू आलं.

१२ मार्च, गुरुवार

आज खरी युक्ती सुचली. डोकं दुखल्यावर गोळी घेतात, हीच लोकांची चूक. शत्रू हद्दीत यायच्या आधीच मारायचा. म्हणून रोज सकाळी एक पेनकिलर, ॲडव्हान्समध्ये. रुक्मा म्हणाली, दुखून नाई राहिलं तं गोळी कायले खाता? तिला प्रिव्हेन्शन हा शब्द समजावून सांगितला. ती भाजी निवडत राहिली.

१५ मार्च, रविवार

व्याही आले. लग्नाची बोलणी. आमच्या ओसरीवर ऊन फार, म्हणून मी काळा गॉगल लावून बसलो. सुलोचना विहीणबाईंनी रुक्माला हळूच विचारलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? रुक्मा नाही म्हणाली. इतकं खरं बोलायची गरज नव्हती.

विहीणबाईंचं सेंट जोरदार. अर्ध्या तासात कानपटी सुरू. मिल बंद करून येतो म्हणालो आणि कोंड्याच्या पोत्यांवर आडवा झालो. रविवारी मिल बंदच असते हे मागाहून आठवलं. परत आलो तर भैयाजींची खुर्चीही रिकामी. शेत पाहायला गेले म्हणे. भर दुपारी! आंब्याच्या झाडाखाली डोळे मिटून बसले होते. एवढा मोठा माणूस, पण जमिनीची केवढी ओढ.

जावई हिमांशू चांगला मुलगा आहे. माझ्याकडे पाहून हसत होता. आदरानेच असेल.

२२ मार्च, रविवार

शेजारच्या मंदाबाईंनी सांगितलं, सूर्य उगवायच्या आत दुधासोबत जिलेबी खा, अर्धशिशी जाते. चार दिवस खाल्ली. डोकं तरीही दुखतं, पण आता दुखण्याआधी मूड चांगला असतो. प्रयोग चालू ठेवावा असं वाटतं. रुक्माने दूध दिलं, जिलेबी बंद केली. म्हणजे प्रयोग अर्धवट राहिला, निष्कर्ष काढता येणार नाही.

३१ मार्च, मंगळवार

हल्ली रोजच दुखतं. पूर्वी महिन्यातून तीन-चारदा यायचं, आता सकाळी उठलो की हजर. म्हणून गोळ्या दोन केल्या. एखादे दिवशी तीन.

घाबरायचं कारण नाही. दिवा विझताना मोठा होतो. मायग्रेनची ही शेवटची धडपड आहे.

रिंकी गोंदियाहून आली होती. तिथल्या शाळेत शिकवते. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही रोज गोळी घेता का? मी म्हणालो, हो, व्हिटॅमिनची. पोरीला लग्नाच्या तोंडावर टेन्शन कशाला.

९ एप्रिल, गुरुवार

मेडिकलवाल्या भुपेंद्रने आज गोळ्या द्यायला नकार दिला. ओमेश्वरभाऊ, तुमी फुटाण्यावाणी गोळ्या खाऊन राहिले, आधी डॉक्टरले दाखवा, म्हणाला. चार लोकांसमोर. हा काय व्यापार झाला? स्वतःच्या गिऱ्हाईकाला परत पाठवतो. हा मुलगा धंद्यात टिकणार नाही. दुसऱ्या दुकानातून घेतल्या.

१८ एप्रिल, शनिवार

सालेकस्याकडे पत्रिका वाटायला मोटरसायकलने गेलो. ऊन असं की डांबर चिकटत होतं. परतताना डोळ्यांसमोर चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा नाचू लागल्या. याला ऑरा म्हणतात, हे मला पाठ आहे. त्यामुळे अजिबात न घाबरता गाडी थांबवली, मोहाच्या झाडाखाली बसलो आणि उलटी केली. ज्ञान असलं की माणूस शांत राहतो.

एक ओळखीचे गृहस्थ थांबले. काय झालं, विचारलं. काल जेवण जड झालं, म्हणालो. त्यांच्या हातात पत्रिकाही दिली.

२५ एप्रिल, शनिवार

उद्या लग्न. तयारी पक्की. वरात आली की स्वागत, मग मंगलाष्टकं, मग कन्यादान, मग व्याह्यांसोबत पंगत. मध्ये एखादा डान्सही करीन. उपास धरणार आहे, कन्यादान होईपर्यंत पाणी सोडून काही नाही. खिशात गोळ्या आहेत. गुड्डूला डीजेची ऑर्डर आधीच दिली, व्याह्यांपुढे कमीपणा नको म्हणून सगळ्यात मोठा सेट सांगितला.

रुक्मा म्हणाली, उपास, ऊन आणि तो डीजे, तुमी मरून जाल. मी म्हणालो, माझा अभ्यास झालेला आहे.

२७ एप्रिल, सोमवार

काल लिहायची स्थिती नव्हती. सगळं क्रमाने लिहितो.

पहाटेपासून उभा होतो. पोटात अन्न नाही, वर त्रेचाळीस डिग्री. चारच्या सुमारास वरात गावात शिरली. गुड्डूने पहिलं गाणं लावलं आणि माझ्या छातीतली हाडं वाजली. भैयाजींना हार घातला. ते हसले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. प्रवासाचा शीण, मी मनात म्हणालो. एवढ्यात माझ्या डाव्या डोळ्यामागे कुणी खिळा ठोकावा तसं झालं. गोळी घेतली. पाच मिनिटांत ती उलटून पडली. अजून एक घेतली. तीही.

पाच मिनिटं अंधारात पडू, कुणाला कळणार नाही, असं ठरवून धानाच्या खोलीत शिरलो. दार लोटलं. आत पोत्यांवर एक माणूस आधीच पडलेला. डोक्यावर उपरणं घट्ट बांधलेलं. चोर! मी ओरडणार होतो, तेवढ्यात तो माणूस म्हणाला, हळू बोला जी, हात जोडतो.

भैयाजी होते.

व्याहीबुवा, तुम्ही इथे काऊन? मी कुजबुजलो. ते म्हणाले, अर्धं डोकं फुटून राहिलं माह्यं. तुमाले नाई सांगतलं. तुमी म्हणाल, बापाले असा रोग, तं पोराले बी होईल. सोयरीक मोडाल म्हणून भेवत होतो.

मी बाजूच्या पोत्यावर आडवा झालो. माझा फेटा सोडून पाण्यात भिजवला, अर्धा त्यांना दिला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुमचं कोन्तं? मी म्हणालो, डावं. ते म्हणाले, माह्यं उजवं. दोघांत मिळून एक धड डोकं होतं.

बाहेर गाणं थांबलं आणि गुड्डूचा आवाज माईकवर आला. वरपिता आणि वधूपिता, दोन्ही व्याही जहाँ कहीं भी हों, तुरंत मंडपात या. तीनदा म्हणाला. प्रत्येक शब्द कवटीवर पडत होता. भैयाजींनी माझा हात धरला. मी त्यांचा. बाहेर जायचं धैर्य कुणालाच होत नव्हतं. मला वाटून राहिलं होतं, पोरीचा मुहूर्त माझ्या डोक्यापायी चुकणार. मी अंधारात रडलो. थोडंसंच. भैयाजी म्हणाले, व्याहीबुवा, रडू नका जी, रडल्यानं आणखी दुखते.

मग दार उघडलं. रिंकी. अंगावर शालू, डोक्याला बाशिंग, हातात पाण्याचा तांब्या, मागे रुक्मा आणि सुलोचनाबाई. रिंकीने दार परत लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, बाबा, मला माहीत होतं.

मग जे कळलं ते असं. रिंकीलाही मायग्रेन आहे. दोन वर्षांपासून गोंदियात डॉक्टरकडे जाते. आईला माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी उपचार सुरू केले असते, म्हणून सांगितलं नाही. हिमांशूला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि तो म्हणाला, अरे, माझ्या बाबांनाही आहे, पण ते लपवतात. सुलोचनाबाईंना सगळं ठाऊक. त्या भैयाजींना म्हणाल्या, तुमचं आंब्याखालचं शेत पाहणं बी मले ठाऊक होतं.

म्हणजे दोन्ही घरांत मिळून ज्यांना काही माहीत नव्हतं अशी दोनच माणसं होती, आणि ती दोन्ही धानाच्या खोलीत होती.

रिंकीने डीजे बंद करायला लावला. गुड्डू म्हणाला, काकाजींनीच मोठा सेट सांगितला होता. तिने आम्हाला पाणी पाजलं, दोन घास खिचडी खाऊ घातली. उपास मोडला. मुहूर्त अर्धा तास सरकला आणि आभाळ काही कोसळलं नाही. व्हिडिओवाल्याच्या झगझगीत लाइटकडे पाठ करून कन्यादान केलं, ओला फेटा डोक्याला तसाच गुंडाळलेला. पोरीचा हात हिमांशूच्या हातात देताना डोकं दुखत होतं की छाती, नक्की सांगता येत नाही.

लोक म्हणाले, किती शांत लग्न झालं, मंगलाष्टकं पहिल्यांदा शब्दन्‌शब्द ऐकू आली. ही कल्पना माझीच होती असं काहींना सांगितलं.

४ मे, सोमवार

भैयाजी आणि मी गोंदियाला रिंकीच्या डॉक्टरकडे गेलो. डॉ. दामिनी, वयाने रिंकीपेक्षा थोडी मोठी. मी माझे सगळे निष्कर्ष सांगितले. चहा, कापूस, जिलेबी, ॲडव्हान्स गोळी. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, झालं? मग गोळ्या किती घेता ते विचारलं. कधीतरी एखादी, म्हणालो. भैयाजी म्हणाले, रोज दोन-तीन खाते जी हा माणूस.

ती म्हणाली, मायग्रेन आहेच, पण आता रोजचं दुखणं बरंचसं गोळ्यांमुळेच आहे. पेनकिलर रोज घेतली की मेंदूला सवय लागते, आणि गोळी उतरली की डोकं परत दुखतं. मी म्हणालो, पण मी प्रिव्हेन्शन करत होतो. ती म्हणाली, प्रिव्हेन्शनची औषधं वेगळी असतात काका, ती मी देते. त्या पेनकिलर बंद करायच्या, पहिले काही दिवस जास्त दुखेल. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, भरपूर पाणी. अटॅक आलाच तर सुरुवातीलाच तिने लिहून दिलेली गोळी, तीही आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा. मुळापासून जाईल का, मी विचारलं. म्हणाली, जाईल असं नाही सांगत, ताब्यात राहील.

हुशार वाटली. थोडं मार्गदर्शन मिळालं तर पुढे जाईल.

८ मे, शुक्रवार

फार दुखतं. लिहवत नाही. भैयाजींचा रोज फोन येतो. दोघंही बोलत नाही, नुसते हं, हं करतो. बरं वाटतं.

२८ जून, रविवार

पूर्ण महिन्यात दोनदाच दुखलं, तेही अर्ध्या दिवसात उतरलं. रिंकी-हिमांशू मजेत. डोकं हलकं झाल्यामुळे समाजाला काहीतरी परत द्यावं असं वाटून राहिलं होतं. डॉक्टरने मला एक-दोन मुद्दे दिले, बाकी अभ्यास माझा होता.

म्हणून आज समाज भवनात कार्यक्रम ठेवला. विषय: मायग्रेन, कारणे व उपचार. वक्ते: श्री. ओमेश्वर रहांगडाले. अध्यक्ष म्हणून गावातले सर्वांत वयस्कर, ऐंशी पार केलेले बिसरामजी. पंखे बंद पडले होते, माईक मधूनमधून शिट्टी मारत होता, पण मी दीड तास बोललो. मेंदूची रचना फळ्यावर काढून दाखवली. एकही माणूस उठला नाही, कारण चहा भाषणानंतर होता.

शेवटी म्हणालो, कुणाला काही प्रश्न? बिसरामजी काठी टेकत उभे राहिले. एक हात कपाळावर होता. म्हणाले, ऐंशी वर्षांत माह्यं डोकं कदी दुखलं नाई. आज पयल्यांदा दुखून राहिलं. गोळी हाये का तुह्याकडे?