बाबांच्या नावाने आलेली नोटीस

बाबा, तुमच्या नावाने इन्कम टॅक्सची नोटीस आली होती. तुम्हाला जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण ते त्या ऑफिसला कोणी कळवलं नव्हतं, बँकेलाही नाही. त्यांच्या लेखी तुम्ही अजून वसईतच आहात, सायकलचं दुकान चालवताय आणि दर महिन्याला खात्यात पैसे टाकताय. ते पैसे मी इथून, मस्कतहून पाठवत होतो. मी आलो तेव्हा तुमचं नि आयचं जोडखातं होतं, त्यातच पाठवायला लागलो. वर्षभरात तुम्ही गेलात आणि खात्यावरचं नाव काढायचं राहिलं. मी एकदा विचारलं तर आय म्हणाली, "राहू दे रे. नाव काय जेवायला मागतंय?" आता सरकार विचारत होतं की सायकलवाल्याकडे एवढे पैसे आले कुठून, आणि टॅक्स का भरला नाही.

आयने पाकिटं उघडलीच नव्हती. एक आलं, मग दुसरं आलं, दोन्ही तिने अल्तारावर मरियामातेच्या मूर्तीमागे ठेवली. गावातला एकजण सुट्टीवरून परत येत होता, त्याच्याबरोबर सुके बोंबील आणि मसाल्याची बाटली पाठवली, त्याच पिशवीत ही पाकिटंही. फोनवर मी म्हटलं, "आय, सरकारी पत्र होतं, फोडायचं तरी." तर म्हणते, "तुझ्या बाबांचं पत्र मी कधी फोडलंय?" आणि ते खरंच होतं. तुमचं पत्र घरात कोणी फोडत नसे. मी एकदा फोडलं होतं, नुकता वाचायला लागलो होतो तेव्हा. बहारीनहून काकांचं पत्र आलं होतं. तुम्ही दुकानातून जेवायला येता, चुलीशी बसता, माझ्या हातात ते उघडं पत्र बघता. मला वाटतं आता मार बसणार. पण तुम्ही ताटातली भाताची शितं बोटाने चेपून पाकीट परत चिकटवता, वाळेपर्यंत जेवता, आणि मग हात धुऊन स्वतः फोडता. "ज्याचं नाव, त्याने फोडायचं," एवढंच. त्यामुळे इथे मस्कतला, माबेल्यातल्या आमच्या खोलीत मसाल्याचा वास मारणारी ती पाकिटं मी दोन दिवस नुसती उशाशी ठेवली. खोलीतले बाकीचे हसायचे, म्हणायचे, लॉटरी लागली का रे तुला.

इथे जवळच सीबला एक पुण्याचे अकाउंटंट राहतात, त्यांच्या घरचे एसी मी बघतो. एसीचं झाकण उघडून ठेवलं आणि त्यांना नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "घाबरलास?"

"राग आलाय, साहेब. मेलेल्या माणसाला टॅक्स मागतात. मी लिहिणार आहे त्यांना चांगलं."

"काही लिहायचं नाही. त्यांनी फक्त विचारलंय. उत्तर दिलं नाही की मग तेच आकडा ठरवतात, वर दंड. आधी तारीख बघ. मग काय मागितलंय ते बघ. जेवढं मागितलंय तेवढंच द्यायचं, कागदासकट. तारखेत जमत नसेल तर मुदत मागायची, लेखी. रडगाणं नको, शिव्या नकोत, बाबा कसे होते हेही नको."

मला तुमचं डावं पॅडल आठवलं. जोर लावून लावून मी आटे घालवले होते, तेव्हा तुम्ही पाना माझ्या हातातून घेऊन दाखवलं होतं की डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ताकदीचा उपयोग नाही. मी निघताना तुम्ही तोच पाना बॅगेत टाकलात. आता तो एसीच्या स्टँडचे नट सोडवतो.

मग साहेबांनी सांगितलं तसं जमवत गेलो. तुमच्या मयताचा दाखला आयने पाठवला. पैसे पाठवल्याच्या पावत्या माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात होत्या. आणि मी इतकी वर्षं देशाबाहेर होतो हे दाखवायला पासपोर्टवरचे शिक्के. पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे माझ्या मालकाच्या कपाटात. त्याच्याकडे गेलो तर त्याला सगळं ऐकायचंच होतं.

"बाबा मर गया?"

"मर गया, अर्बाब. बहुत साल हुआ."

"फिर गोरमेंट उसको क्यों पैसा मांगता?"

समजावलं की आमच्याकडे कमाईवर सरकारला द्यावं लागतं. त्याला ते पटेना. इथे कोणी देत नाही. "हर साल? सब आदमी?" त्याने कॉफी ओतली, परत विचारलं. मग कपाट उघडलं. "यल्ला, ले जाओ. उनको लिखो, बाबा खलास."

मला ते शब्द आवडले नाहीत. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

तिकडे स्लॅब टाकायला आयच्या घराची कौलं उतरवून झाली होती. स्लॅबचे पैसे त्याच खात्यात, आणि साहेब म्हणाले, निकाल लागेपर्यंत हात लावू नको. आय मावशीकडे राहायला गेली. टॅक्स आणि दंड मिळून किती जाईल कोणालाच सांगता येईना. स्लॅब होईल की परत कौलंच चढवायची, हे सगळं त्या एका उत्तरावर होतं. आम्ही मुदत मागितली, ती मिळाली, मग वारस म्हणून मी उत्तर दिलं. पैसे माझ्या पगाराचे, हे त्यांनी मानलं. व्याजावरचा टॅक्स मात्र लावला. मी भांडायला निघालो तर साहेब म्हणाले, "तो त्यांचा हक्काचा आहे, भरून मोकळा हो. बाहेर राहणाऱ्याने साधं खातं वापरायचंच नसतं." भरला. माझ्या नावाने, परदेशात राहणाऱ्याचं नवं खातं उघडलं. स्लॅब पडला. आय विचारत होती, पाकिटं परत पाठवतोस का, अल्तारावर ठेवीन.

त्या उत्तरात जे लिहायचं नव्हतं, ते इथे लिहितोय. शुक्रवार आहे, खोलीतले बाकीचे सूर गावाला समुद्रावर गेलेत. एक गोष्ट साहेबांनाही सांगितलेली नाही. मुदत मागताना मी साहेबांना म्हटलं होतं की अर्बाब पासपोर्ट देत नाही. तो त्याने मागितला त्याच संध्याकाळी दिला होता. कागद सगळे तयार होते, मुदतीची गरजच नव्हती, तुमचा दाखला सगळ्यात वर होता. आयला आणखी काही दिवस मावशीकडे काढावे लागणार, हेही माहीत होतं. पण त्या एका ऑफिसात तुम्ही अजून होता, बाबा. कमावत होता, तुम्हाला पत्रं येत होती. आणि दाखला पाठवायचा होता मलाच.