सतार वाजवणारीच्या शेताबाबत

मी, रामहरी भगवानराव, कचेरीचा निवृत्त पेशकार, वय छप्पन, राहणार युसूफ वडगाव, जिल्हा बीड, डोकं शाबूत असताना आणि कुणाच्या दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. दमा फार दिवस काढू देईल असं दिसत नाही.

१. राहतं घर धाकटा भाऊ चि. मोहनराव यास द्यावं. माझी पत्नी सत्यभामा वारल्यापासून "दादा, जेवलात का?" एवढंही त्यानं विचारलं नाही. तरी घर त्यालाच. पाठचा भाऊ; करतो काय!

२. भांडीकुंडी शेजारच्या भिवराबाईस. आजारपणात भाकरी तिनंच धाडली.

३. पितळी भोंगा. तरुणपणी मला बासरीचा नाद होता. हैदराबादच्या कॉलेजात बँडात वाजवणाऱ्याला शिकण्याच्या खर्चासाठी सरकारी वजीफा मिळतो, असं वडिलांना कळलं. म्हणाले, "बासरीवाले पैशाला पासरी. कुणी घेत न्हाई ते घे." अंगापेक्षा मोठा भोंगा कुणीच घेत नव्हतं. वजीफा मिळाला, नोकरी लागली. वडिलांचा हिशेब बिनचूक निघाला. पण त्या वाद्याला स्वतःची चाल नाही. चारचौघं वाजवतात तेव्हा त्यानं खालून भों भों करायचं. गावात बँड कुठला! मोहनरावाच्या वरातीत हौसेनं फुंकला, तर गाडीचे बैल उधळले अन् नवरदेव ज्वारीत पडला. तो राग त्यानं अजून सोडलेला नाही.

पहाटे सत्यभामा जात्यावर ओवी म्हणायची, तेव्हा मी भोंग्यावर खालून सूर धरायचो. "हळू हो, पीठ उडालं समदं!" म्हणायची. ती गेल्यावर एकदाच फुंकला. लई एकटं वाटलं. भोंगा कासाराकडे मोडीत घालून घागरी कराव्यात आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना द्याव्यात.

४. विहिरीजवळचं शेत. मोहनरावाची लेक चि. वत्सला हैदराबादेत मामाकडे शिकते. परवा मोहनराव कधी नव्हे तो आला. "दादा, पोरींच्या कॉलेजात वजीफ्याला कोणतं वाद्य कमी हाय? तुमाला ठाऊक असंल."

"तिला काय आवडतं?"

"सतार म्हणती. पर सतारवाल्या ढिगानं हायेत. दुसरं सांगा."

म्हणून हे शेत वत्सलाला. त्याच्या उत्पन्नावर तिनं शिकावं. वजीफ्याची गरज पडू नये. वाद्य तिचं तीच निवडील. दुसऱ्या कुणी निवडलं, तर शेत परळीच्या वैजनाथाला जाईल. उद्या तिला सतारीचा कंटाळा आला, काहीच वाजवावंसं वाटलं नाही, तरी शेत तिचंच.

५. ही अट नव्हे, विनंती आहे. माझे वडील माझं वाजवणं ऐकायला कधी बसले नाहीत. वत्सला सुट्टीत येईल, वाजवायला बसेल. बा मोहनराव, तेव्हा तिच्याजवळ बस. बेसूर झालं तरी उठून जाऊ नकोस.

वरचं सगळं वाचून पाहिलं, पटलं, म्हणून सही करतो.

रामहरी भगवानराव

आमच्यासमोर सही झाली:
हरिबा त्रिंबक, सही
म्हाळू सुंदरराव, अंगठ्याची निशाणी

मुक्काम युसूफ वडगाव, ५ बहमन १३४८ फसली (इसवी सन १९३८)