केटल क्रीकची घंटा

२६ फेब्रुवारी, रविवार
परतभेट कमिटीची मीटिंग. वीट आला. केटल क्रीक गाव उठून नव्वद वर्षं झाली. आता तिथे चार धुराडी, दोन मिरीची झाडं आणि बॅरी डन्स्टनच्या मेंढ्या. तरी दर दहा वर्षांनी ईस्टरच्या शनिवारी जुन्या घराण्यांची माणसं तिथे जमतात, चहाबरोबर जॅम लावलेले स्कोन खातात आणि आपापल्या आजोबांबद्दल थापा मारतात.

मी थापा मारत नाही. उभा राहिलो आणि सांगितलं, शाळेची हरवलेली काशाची घंटा मी शोधून देतो. ईस्टरला तीच वाजेल. पुढचंही सांगून टाकलं. माझे आजोबा जेबेझ ट्रेथेवी शाळा समितीचे सेक्रेटरी. शेवटचं कुलूप त्यांनी लावलं. नंतर शाळेची लाकडं गाडीतून नेली ती क्लॅरी पॅस्कोने. घंटा कोणी ढापून पुरली हे शेंबड्या पोरालाही कळेल.

क्लॅरीची नात नोएलीन समोरच बसली होती. तिला म्हणे राग आला. म्हणाली, मर्व्ह, तू म्हणतोस तशी घंटा सापडली तर बॅरीच्या फाटकावर तुझ्या घराण्याचं नाव मी माझ्या हाताने रंगवीन. नाही सापडली तर माइकवर, सगळ्यांदेखत, माझ्या आजोबांची माफी मागायची. मी म्हटलं, ब्रश धुऊन ठेव.

ट्रेथेवी फाटक. शोभून दिसेल.

४ मार्च, शनिवार. सकाळी ६
नवा मेटल डिटेक्टर आला. जमिनीत धातू लागला की ओरडतो आणि प्रत्येक धातूचा वेगळा आकडा दाखवतो. कोंबड्यांच्या आवारात चालू करून पाहिला. लगेच बोंबलायला लागला. आकडा ९१. दुसऱ्यांदा ९१. दहाव्यांदाही ९१. शेजाऱ्याच्या कुंपणातली वीज त्यात शिरत असणार. पस्तीस वर्षं मी लोकांच्या पाण्याची मीटरं वाचली आहेत. खोटा आकडा मला लांबून ओळखू येतो. खरा आकडा जरा तरी हलतो.

९१ कायमचा बंद करून टाकला. आता तो आकडा आला तरी मशीन तोंड उघडणार नाही.

रात्री ८
केटल क्रीकवर सात तास. सापडलं : वाकडे खिळे, सार्डिनचे डबे, बिअरच्या कॅनच्या कड्या. एक कडी, दोन कड्या, एकोणतीस कड्या. आपल्या पूर्वजांनंतर इथे फक्त दारुडे येऊन गेले. किळस आली.

सगळा माल कोंबड्यांच्या कुंडात धुतला. ग्लेनिस ओरडली, ते पाणी कोंबड्या पितात. बायकोला इतिहास कळत नाही. हे कुंड आजोबांनी काठापर्यंत जमिनीत गाडलं, आत हिरवं शेवाळ, पण नव्वद वर्षांत थेंब गळलेला नाही. तसली कामं आता कोण करतं?

१२ मार्च, रविवार
नोएलीनही आली होती. तिचं मशीन दांड्याला चिकटपट्टी लावून उभं राहतं. तरी तिला चांदीचं तीन पेनीचं नाणं आणि मुलीच्या फ्रॉकची पिन सापडली. मला कुलपाचा अर्धा भाग. (आजोबांचंच कुलूप असणार. पुरावा.)

ती प्रत्येक खड्डा बुजवते, वर गवताचं ढेकूळ बसवते, पायाने थोपटते. माझे खड्डे मोठे असतात, बुजवायला वेळ लागतो. उद्या बुजवीन. जाताना म्हणाली, काय मर्व्ह, इथे पोहायचा तलाव काढतोयस का? टोपी उचलून निरोप दिला. मोठेपणा.

संकल्प : रोज ध्यान. चिडायचं नाही.

१९ मार्च, रविवार
३८ अंश. माश्या नाकात. ध्यान झालं नाही.

फाटक सताड उघडं सापडलं. आजकाल शेतकऱ्यांनाही शिस्त नाही. जाताना नीट लावलं, कडी घातली, वर तारेने बांधलंही. एक सत्कृत्य.

२१ मार्च, मंगळवार
बॅरीचा फोन. पंधरा मिनिटं एकटाच बोलला. त्यातलं इथे लिहिण्यासारखं थोडं आहे. थोडक्यात, फाटक मेंढ्यांना पाण्यावर जाता यावं म्हणून उघडं होतं. दोन दिवस दोनशे मेंढ्या तारेच्या अलीकडे, तळं पलीकडे. आज सकाळी नोएलीन तिथून चालली होती म्हणून तिला दिसल्या. पाच आडव्या झालेल्या. तिने बादलीने पाणी पाजून उठवल्या.

बॅरी म्हणाला, मर्व्ह, तुझा जन्म इथला. फाटक जसं सापडेल तसंच सोडून जायचं, हे आमच्याकडे पोराला चड्डी घालता यायच्या आधी शिकवतात. मी म्हटलं, मग उघड्या फाटकावर तशी पाटी लाव. तो म्हणाला, लावतो. आणि ईस्टरपर्यंत माझ्या जमिनीवर पाऊल टाकलंस तर कुत्रा सोडीन.

घंटा अगदी हाताशी आली असताना! गावच्या कोत्या मनांची किळस येते.

२ एप्रिल, रविवार
भाषणाचा मसुदा. 'माफी' हा शब्द न वापरता माफी मागायची. चार पानं झाली. ग्लेनिसला वाचून दाखवलं. तिने मटणाचे तुकडे उलटता उलटता विचारलं, यात नोएलीनचं नाव कुठे आहे? पुढच्या मसुद्यात घालीन.

खरं तर झोप लागत नाही. माझे वडील दर परतभेटीला आजोबांच्या कुलपाची गोष्ट सांगत. सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. तिथे उभं राहून मी पॅस्कोंपुढे वाकायचं?

७ एप्रिल, गुड फ्रायडे
सगळा दोष मशीनचा. विकून टाकायचं ठरवलं. दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती. नेमकी नोएलीन आली. तिच्या मेहुण्याला हवंय म्हणे. चालवून बघू का, म्हणाली. मी प्रामाणिक माणूस. सांगितलं, इथे आवारात खोटं बोलतं, कुंपणाच्या विजेमुळे. बंद केलेला ९१ मीच चालू करून दाखवला. बोंबललं.

नोएलीन म्हणाली, कुंपणाची वीज घालवायला सांग. शेजाऱ्याने वीज बंद केली. ९१. ती कुंडाकडे सरकली तसा आवाज वाढला. बाजूला झाली, थांबला. म्हणाली, मर्व्ह, या कुंडाखाली काय आहे? मी म्हटलं, काही नाही, आजोबांनी बसवलंय. मग ती कोंबड्यांच्या घाणीत गुडघे टेकून बसली, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून चाचपत राहिली. बराच वेळ. मग बाहेरची माती उकरायला लागली. वीतभर खाली अक्षरं होती. उलटी. त्यांतली माती नखाने काढली तिने.

केटल क्रीक शाळा.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, कुदळ आण, आधी पाणी काढू.

मार्चमधले तीन आठवडे मी त्या घंटेत कॅनच्या कड्या धुतल्या.

८ एप्रिल, शनिवार
परतभेट. घंटा बॅरीच्या ट्रॅक्टरला टांगली. वाजली. शाळेच्या शेवटच्या वर्गातली डॉरीन, वय सत्त्याण्णव, चाकाच्या खुर्चीत. आवाज ऐकून रडली. मग माइक मागून घेतला. म्हणाली, मिस्टर ट्रेथेवी ती ढकलगाडीतून घेऊन जाताना आम्ही सगळ्या मुलांनी पाहिलं होतं. आम्हाला वाटलं घासूनपुसून आणतायत.

कोणीतरी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही. एकजात सगळे हसले.

चार पानं खिशातच राहिली. मी म्हटलं, नोएलीन, माफ कर. तुझ्या आजोबांनाही सांग. ते तर गेलेत, पण लोकांना कळलं. तिने मटण भरलेली पेस्टी आणून दिली. गार होती. खाल्ली.

ग्लेनिसने कोंबड्यांसाठी प्लॅस्टिकचा टब आणलाय. एकीने वाकून पाहिलं आणि निघून गेली.

निघताना फाटकावर नवी पाटी. मजकूर बॅरीचा, अक्षर नोएलीनचं. वरच्या ओळीत मोठ्ठं 'ट्रेथेवी'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'फाटक जसं सापडेल तसंच सोडून जा'.

रस्त्यावरून फक्त वरची ओळ वाचता येते. फोटो मी रस्त्यावरूनच काढला.