खिडकीवरच्या यादीतली सहा पुस्तके आणि एक वही

हा कागद माझे मृत्युपत्र समजावा. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर बसून मी तो स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वय सत्तावीस. धंदा प्रॉम्प्टरचा, म्हणजे संगीत नाटकाच्या प्रयोगात विंगेतल्या स्टुलावर वही घेऊन बसायचे आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच सांगायचा. खरे नाव केसपेपरवर आहे. आमच्या नाटक मंडळीत मला सगळे कुजबुज म्हणतात आणि ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांना तेच नाव कळेल. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. उलट सकाळपासून तीन जणांनी हे लिहू नकोस म्हणून सांगितले. त्यांतल्या एक शेजारच्या पलंगावरच्या बाई, निवृत्त मुद्रितशोधक. त्या म्हणाल्या, लिहायचेच असेल तर निदान ऱ्हस्व-दीर्घ मला दाखव.

उद्या सकाळी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. कारण नसले की काळजी थांबते, असे त्यांना वाटत असावे.

याआधी दोनदा घरी कच्चे मृत्युपत्र लिहून फाडले होते. तुकडे सापडल्यास ग्राह्य धरू नयेत.

कलम एक. बँकेत जे असेल ते वडिलांना. ते मंडळीत ऑर्गन वाजवतात. यावर चर्चा नको.

कलम दोन. माझी खरी मालमत्ता म्हणजे सहा पुस्तके. आमच्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीच्या काचेवर आतून एक कागद लावलेला आहे: 'संगीत नाटक आवडणाऱ्यांनी वाचावे असे काही'. तो मी लिहिला. प्रयोग सुटला की दोन-चार माणसे रेंगाळायची, यावर वाचायला काय मिळेल असे विचारायची, आणि खिडकीवरचे गृहस्थ त्यांच्या हातात पुढच्या प्रयोगाचे तिकीट ठेवायचे. म्हणून ती यादी केली. मग लोक सांगू लागले की यातले एकही पुस्तक दुकानात मिळत नाही. ते खरे आहे. ती आमच्या घरची जुनी आहेत, बहुतेक मावशीच्या ट्रंकेवरच्या फळीवर. मिळत नसलेल्या गोष्टीची शिफारस करणे ही एक प्रकारची फसवणूकच, असे मला तीन वर्षे वाटते आहे. तेव्हा पुढे ज्याला जे पुस्तक दिले आहे त्याने, कोणी यादी वाचून मागायला आल्यास, समोर बसवून वाचू द्यावे. घरी नेऊ देऊ नये. का, ते कलम चारमध्ये येईल.

या पुस्तकांतूनच मी वाचायला शिकले. आई मी दोन वर्षांची असताना गेली आणि तिच्या बहिणीने, माझ्या मावशीने मला वाढवले. मावशी मंडळीची नायिका. मंडळी सतत फिरतीवर, त्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत शाळा नाही. रंगपटात मांडीवर घेऊन मावशीने मला नाटकाच्या वह्यांतून अक्षरे शिकवली. ती स्वतः कधी शाळेत गेली नव्हती. तिच्या हातून 'वि' निघायचा तो दीर्घच. वीसावा, वीचार, कवीता. घरात सगळे तसेच लिहीत. शाळेत बाईंनी माझी पहिली वही लाल करून टाकली. पहिल्या निबंधाच्या शेवटी मी कंसात '(जाते.)' असे लिहिले होते. बाईंनी विचारले, कुठे जातेस? माझी समजूत अशी होती की बोलणे संपले की प्रत्येक माणसाला कंसातून जावे लागते.

कलम तीन. आमच्या घरी पुस्तकांना टोपणनावे असत, तीच इथे देते. संगीत नाटकाचा नऊशे पानी इतिहास, म्हणजे 'ठोकळा', वडिलांना. तो त्यांच्या ऑर्गनच्या स्टुलाच्या आखूड पायाखाली आहे आणि तिथेच राहावा. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी फक्त तळटिपा वाचाव्यात. वर लेखक विद्वान आहे, खाली तो प्रेक्षक आहे.

'लाल्या', म्हणजे एका जुन्या गायक नटाचे आत्मचरित्र, तिकीट खिडकीवरच्या गृहस्थांना. पहिली शंभर पाने घराण्याची आहेत, ती सोडावीत. एके ठिकाणी भर प्रयोगात त्याचा आवाज बसतो आणि उरलेले पद प्रेक्षक म्हणतात. गृहस्थांनी ते वाचले तर प्रेक्षकांना 'गर्दी' म्हणणे थांबवतील अशी आशा आहे.

'उसवलेली' हे नाटकातल्या कपड्यांच्या शिवणकामाचे पुस्तक. ते आमच्या शिंपीकाकांना. गाणारीच्या चोळीला बरगडीशी दोन बोटे सैल ठेवावीत, श्वास तिथे उतरतो, हे त्यात आहे. गाण्यावरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मी त्यातून गाणे जास्त शिकले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही शिंपीकाकांनीच करावी. ते दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावत नाहीत.

कलम चार. 'रडकी', म्हणजे फिरत्या नाटक मंडळीवरची कादंबरी, मामेभावाला. ती सहा वर्षे त्याच्याकडेच आहे. आता ती त्याची समजावी, म्हणजे चोरी उरणार नाही. तिची शेवटची पाने फाटलेली आहेत. घरात प्रत्येकजण वेगळा शेवट सांगे. मावशीचा सगळ्यांत चांगला होता. पुढे मला वाचनालयात अख्खी प्रत मिळाली. छापलेला शेवट वाचू नये.

कलम चार-अ. (आधी विसरले. विसरण्याबद्दल पुढे लिहायचेच आहे.) 'डॉक्टरीण', म्हणजे गळा आणि आवाज यांवरचे छोटे पुस्तक, उद्या माझी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना. सहावे प्रकरण मी या आठवड्यात चार वेळा वाचले. शस्त्रक्रियेआधी ते कोणीही वाचू नये.

कलम पाच. पदांच्या स्वरलिपीचे पुस्तक, टोपणनाव 'चुकीचं', मंडळीच्या नव्या नायिकेला. त्यात एका पदात छपाईची चूक आहे, गंधार कोमल हवा तो शुद्ध छापला गेला. आमच्या मंडळीत तीन पिढ्या ती चूक गातात आणि तिला वन्स मोअर मिळतो. नव्या नायिकेने ती दुरुस्त करू नये. तिच्यावर माझा राग आहे, पण तो तिने काही केले म्हणून नाही. ती माझ्या मावशीच्या जागी उभी राहते, एवढेच. तिला तिथे कोणी उभे केले ते आता लिहिते. पेन्सिल दोनदा तासून झाली.

कलम सहा. राणीच्या नाटकाची प्रॉम्प्टिंगची वही. ती यादीत नाही, पण खरे तर पहिली शिफारस तीच हवी. संगीत नाटकावर प्रेम करणाऱ्याने एकदा तरी प्रॉम्प्टरची वही वाचावी. कोण कुठे श्वास घेतो, कोण कुठे घाबरतो, सगळे समासात असते. नट मुद्दाम थांबणार असेल तिथे आमच्या वहीत पेन्सिलीने 'वीसावा' असे लिहितात. अर्थ असा की इथे शब्द पुरवू नये, तो विसरलेला नाही. ती खूण कुठे करायची ते नट सांगतो, आणि घरची वही म्हणून मीही ती घरच्याच शुद्धलेखनात करत असे.

राणीची भूमिका मावशीने एकोणीस वर्षे केली. तिसऱ्या अंकात राणी म्हणते, "दार उघडंच होतं. मीच बाहेर पडले नाही." आणि मग पद सुरू होते. चार वर्षांपूर्वी एका प्रयोगात मावशी पहिल्या वाक्यानंतर थांबली आणि मी लगेच "मीच" असे कुजबुजले. ती मुद्दाम थांबली होती. पहिल्या रांगेला माझा आवाज गेला. तिसऱ्या दिवशी मावशी एवढेच म्हणाली, "थांबले की विसरले, हे तुला कळत नसेल तर त्या स्टुलावर बरणी ठेवलेली बरी." खूण करायला मात्र तिने सांगितले नाही. रोज थांबेनच असे नाही, म्हणाली.

पुढच्याच रविवारी, दुपारच्या प्रयोगाला, ती पुन्हा तिथेच थांबली. मी मोजत होते. सात, दहा, पंधरा. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि अंगठा हलत नव्हता. ती मुद्दाम थांबते तेव्हा तिचा अंगठा ताल धरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणजे ती विसरली होती आणि ते मला कळत होते. पण बरणी आठवली आणि ओठ हलेनात. तेवीस मोजले तेव्हा वडिलांनी घाबरून पदाचे सूर धरले. मावशीला ते पकडता आले नाहीत. ती मधल्या दाराने आत निघून गेली आणि पडदा पाडावा लागला.

मोठे काका, म्हणजे वडिलांचे भाऊ, मंडळीचे मालक आहेत. त्यांनी विचारले, चूक कोणाची? वही आण. वही आणायला मी विंगेत गेले आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलीने खूण केली. काकांनी ती पाहिली आणि म्हणाले, "पोरीने नियम पाळला. हिचंच आता विसरणं सुरू झालं."

मला सांगायचा होता तो शब्द "मीच" होता. काकांसमोरही तोच निघाला नाही.

तेव्हापासून मावशी रंगमंचावर गेलेली नाही. घरातही गात नाही. तिची खात्री झाली आहे की तिची स्मरणशक्ती चालली. आम्ही दोन खोल्यांत राहतो आणि प्रत्येक दारावर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत: गॅस बंद कर, नळ बघ, कील्ली घे. चार वर्षांत ती एकही गोष्ट विसरलेली नाही. मी पाळत ठेवून आहे. नट शब्द विसरतोच. म्हणून तर स्टूल असते. त्या दुपारी मावशी कमी पडली नाही, स्टूल रिकामे होते.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर मोठ्या काकांनी कचेरीत नव्हे, रंगमंचावर, तालमीआधी, सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचावे. वही मावशीला द्यावी. भूमिका द्यायची की नाही हे काकांच्या हातात आहे.

इथवर दुपारी लिहिले. पुढचे कलम संध्याकाळचे.

कलम सात. हे लिहिताना ओळी सोबत असाव्यात म्हणून मी निरोप पाठवून घरून वही मागवली होती. ती कोण आणेल याचा विचार केला नाही. चार वाजता मावशीच आली, टॉवेल आणि वही घेऊन. बसमध्ये जागा मिळाली म्हणून वाचत आले, म्हणाली. चष्मा लावून खुर्चीत बसली आणि तिसऱ्या अंकाच्या पानावर बोट ठेवले.

"हे कोणी लिहिलं?"

मी पाहिले. 'विसावा'. वि ऱ्हस्व. अख्ख्या वहीत एकतीस ठिकाणी तो शब्द आहे, तीस ठिकाणी घरचा आणि या एका ठिकाणी शाळेचा. त्या दिवशी घाईत हाताने शुद्ध लिहिले होते.

"आपल्या घरात हा शब्द असा कोणी लिहीत नाही," मावशी म्हणाली.

मी म्हणाले, "मीच."

मग मी तिला कलम सहा वाचायला दिले. तिने ते दोनदा वाचले. मला नको असताना मी मोजत होते आणि तेवीसच्या पुढे गेले. शेजारच्या बाईंनी उगाच वर्तमानपत्र तोंडासमोर धरले, तेही उलटे.

"एकदासुद्धा गॅस चालू राहिला नव्हता ना गं?"

"नाही."

"आणि तू रोज त्या चिठ्ठ्या वाचत होतीस."

तिने चष्मा काढून पुसला आणि विचारले की शस्त्रक्रियेनंतर किती दिवस बोलायची बंदी आहे. मी सांगितले, आठवडाभर.

"बरं झालं. माझं भांडण आठवडाभर पुरेल. तू फक्त ऐकायचंस. तोवर मरायचं नाही. नाहीतर काय या कागदाशी भांडू?"

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कलम सहाच्या समासात काहीतरी लिहिले आणि बाहेर निघून गेली. तिने मला क्षमा केली असा अर्थ कोणी काढू नये. तिने तसे म्हटलेले नाही.

कलम आठ. मी जगले तर काकांनी काही वाचायची गरज नाही. मी स्वतः रंगमंचावर उभी राहून सांगेन. आवाज आला नाही तर फळ्यावर लिहीन. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते हे मला माहीत आहे.

साक्षीदार म्हणून सही करायला परिचारिका आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या मावशींना सांगा, इथे मोठ्याने बोलायची मनाई आहे."

मी विचारले, काय बोलते आहे?

"दाराचं काहीतरी. दार उघडं होतं म्हणून. मी बघून आले, सगळी दारं बंद आहेत. आणि एकदा बोलून झालं की थांबतात, पुन्हा पहिल्यापासून."

पुढचे वाक्य म्हणतात का, असे मी विचारले. म्हणतात, म्हणाल्या.

कलम नऊ, शेवटचे. कलम सहामध्ये 'माझ्या मृत्यूनंतर' या शब्दांशेजारी समासात पेन्सिलीने 'वीसावा' असे लिहिलेले आहे. ते अक्षर माझे नाही, मावशीचे आहे. ती खाडाखोड समजू नये, आणि शेजारच्या बाई दोनदा लाल पेन मागून गेल्या आहेत म्हणून स्पष्ट करते की त्याचे शुद्धलेखन कोणीही सुधारू नये. हा कागद इथे थांबतो. कंसात काही लिहीत नाही.

सही: कुजबुज (खरी सही केसपेपराप्रमाणे खाली केली आहे)

साक्षीदार पहिल्या: परिचारिका, दिवसपाळी. मजकूर वाचला नाही. सही करताना पाहिले.

साक्षीदार दुसऱ्या: निवृत्त मुद्रितशोधक, शेजारचा पलंग. मजकूर वाचला. एक शब्द सोडून बाकी शुद्ध आहे. तो तसाच ठेवला.

स्थळ: दुसरा मजला, खिडकीजवळ. मंगळवार, बारा तारीख, संध्याकाळचे सहा, दिवे लागायच्या आत.