अठरा इंची चाकं आणि जावयाचे पाय

१४ नोव्हेंबर
गाडी आता अंगवळणी पडली. लाल, दोन दारं, दोन सीट. बदली झालेल्या एका कर्नलसाहेबांकडून घेतली. लोक तिला जुनी म्हणतात. मी अनुभवी म्हणतो. आज शेजारचे तुळशीरामजी फाटकाशी थांबून म्हणाले, भय्यासाहेब, बदन शेर का और पाँव मुर्गी के. चाकांबद्दल बोलत होते. मी हसलो. घरात आल्यावर हसणं बंद केलं.
निश्चय: नवी अलॉय व्हील्स. आमच्या विनताच्या लग्नाआधी.

१५ नोव्हेंबर
चाकांना आता कारणही सापडलं. आजकाल सीमांतपूजन हॉलच्या दारातच उरकतात. हॉलच्या दाराला कसली सीमा? वऱ्हाड नागपूरहून येणार, म्हणजे आपली सीमा तिलवाऱ्याचा पूल. जावयाने नर्मदा ओलांडली की त्याला बसमधून उतरवायचं, गाडीत शेजारी बसवायचं आणि दिमाखात हॉलवर आणायचं. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून इथे आले. बायको, सरोजिनी, म्हणते, फौजेबरोबर आले ते हिशेब लिहायला. पण घोड्यावरूनच ना.

१७ नोव्हेंबर
चाकाचं माप घेतलं, सरोजिनीच्या ब्लाउजच्या टेपने. बोल्ट पाच. समोरासमोरचं अंतर घ्यायला गेलो तर बोल्टासमोर बोल्टच नाही, मोकळी जागा. अंदाज घेतला. ऑफसेट नावाचंही एक प्रकरण असतं, म्हणजे चाक किती आत बसतं आणि किती बाहेर. त्यावरचा व्हिडिओ अर्धा पाहिला. उरलेला अर्धा माझ्यासारख्यासाठी नव्हता.
सोळा इंची आहेत. अठरा घ्यायची.

२० नोव्हेंबर
काळी की चंदेरी? पाच आऱ्यांची की जाळीची? घरच्या ग्रुपवर फोटो टाकून मतं मागवली. विनताने पुण्याहून शालूचे दोन फोटो टाकून विचारलं, बाबा, यातला कोणता? मी लिहिलं, जाळीची. नंतर लक्षात आलं. मेसेज काढून टाकला, पण तिने वाचला होता.

२३ नोव्हेंबर
गोहलपुरात नथ्थूभैयांच्या दुकानात गेलो. भला माणूस, कशालाच नाही म्हणत नाही. बसतील का विचारलं. म्हणाले, बैठ जाएगा साहब. बोल्टाची भोकं जुळेनात तेव्हा मधे एक जाड चकती घातली. चाक फेंडरच्या, म्हणजे वरच्या पत्र्याच्या, बाहेर बोटभर आलं. हे चालेल का? म्हणाले, साहब, यही तो लुक है. माझं अगदी हेच म्हणणं होतं.
स्टेपनी काढून घरी ठेवली. स्पोर्ट्स कारला पाठीवर ओझं शोभत नाही.

२५ नोव्हेंबर
चाकांची पूजा करायला सरोजिनीला घेऊन नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. जाताना मागून खर्र आवाज. रस्ता खोदून ठेवलाय म्हणालो. येताना पुन्हा खर्र. पूजेचं लिंबू अडकलं असेल म्हणालो. ती म्हणाली, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं होतं, आवाज काहून मागून येऊन राहिला?
तिला उतरवून एकटा चक्कर मारून आलो. चिडीचूप. मी तिला काही बोललो नाही. पण ती बसली की आवाज येतो, ही वस्तुस्थिती आहे.

१ डिसेंबर
विनता आली. गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांवर बोट फिरवलं, छान आहेत म्हणाली. मग स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून म्हणाली, बाबा, एकच मागते. श्रीकांतला त्याच्या माणसांबरोबर बसने येऊ द्या. ती गाडी त्या दिवशी नको. मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की.
डोळ्यांत बघून म्हणता आलं नाही. कांदा चिरत होतो.

३ डिसेंबर
शांतपणे विचार केला. त्या दिवशी म्हणजे लग्नाच्या दिवशी. सीमांतपूजन आदल्या दिवशी असतं. शब्द मोडत नाही.
व्याही भाऊराव यांना नागपूरला फोन केला. म्हणाले, कशाला त्रास, आम्ही सरळ हॉलवर येतो. मी म्हणालो, आमच्याकडची रीत आहे. अशी रीत नाही. आता असेल.

८ डिसेंबर
सरोजिनी म्हणते, श्रीकांत सहा फुटी, खात्यापित्या घरचा. एकदा अक्षतांच्या तांदळाचं पोतं शेजारच्या सीटवर ठेवून चालवून तर पाहा. मी म्हणालो, स्पोर्ट्स कारमध्ये तांदूळ? ती म्हणाली, मग जावयाला पोतं समजून पाहा.
 एकट्याने चक्कर मारली. आवाज नाही. समाधान वाटलं. पूर्ण नाही, पण वाटलं.

११ डिसेंबर, दुपार
चाकं पुसली. हॉलवर फुलं सांगून येतो म्हणून निघतोय. विनता मेंदीचे हात वर करून बसली होती. म्हणाली, लवकर या बाबा.

१२ डिसेंबर, सकाळ
काल लिहवलं नाही.
बस पुलाच्या अलीकडे थांबली. श्रीकांत उतरला, वाकून नमस्कार केला, गाडीत बसला. बसला म्हणजे त्याच्याबरोबर गाडीही बसली. निघालो तसा खर्र सुरू झाला. थांबेना. तो म्हणाला, बाबा, काहीतरी घासून राहिलं. मी म्हणालो, नवं रबर आहे, बसून राहिलं. मग जळका वास. मग फट्.
डाव्या बाजूचं मागचं टायर फेंडरने सुरीसारखं कापलं होतं. स्टेपनी घरी. मागे बस, बसच्या मागे सगळा नागपूर रोड हॉर्न वाजवत. श्रीकांतने नवे जोडे काढून सीटवर ठेवले, चुडीदार वर खोचला आणि अनवाणी उतरला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने मित्रांना हाका मारून गाडी उचलत ढकलत कडेला लावली. भाऊराव बसच्या खिडकीतून म्हणाले, भय्यासाहेब, तुम्हीपण या आता. जागा आहे.
तर मुलीचा बाप वरपक्षाच्या बसमधून स्वतःच्याच हॉलवर उतरला. तोही सगळ्यात आधी, दाराजवळची सीट दिली होती म्हणून. सरोजिनी औक्षणाचं ताट घेऊन उभी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओवाळते की काय वाटलं.
मग पाद्यपूजा. जावयाचे पाय डांबर आणि रबराने काळे. पहिल्या पाण्याने काही झालं नाही. दुसऱ्याने परात काळी झाली. गुरुजी मंत्र संपवून थांबले. सरोजिनीने मागून भांडी घासायचा साबण पुढे केला. मी घासत होतो. भाऊरावांकडची बायामाणसं तोंडाला पदर लावून हसत होती. श्रीकांत पाय मागे घेत हळूच म्हणाला, राहू द्या बाबा. मी सोडले नाहीत. वर बघावं लागलं असतं.
विनता आतल्या दारात उभी होती. नंतर जवळ येऊन म्हणाली, बाबा, मी एकच मागितलं होतं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.
सीमांतपूजन आदल्या दिवशी असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर
लग्न झालं. चांगलं झालं, कारण मी कशात हात घातला नाही. विनता बसने गेली. खिडकीतून हात हलवत होती. बस वळेपर्यंत पाहिलं.
जुनी चाकं परत लावली. तुळशीरामजींनी पाहिलं. फाटकाशी न थांबता पुढे गेले. त्यांनाही काहीतरी कळलंय.

१९ डिसेंबर
विनताचा फोन. दोघं शनिवारी मांडवपरतणीला येणार, रेल्वेने. म्हणाली, बाबा, स्टेशनवर येऊ नका हं. मी शब्द दिला. या शब्दात कुठे फट आहे का ते पाहिलं नाही.

२२ डिसेंबर
गेलो नाही. सकाळपासून फाटकात तांब्या घेऊन उभा. ऑटो आली, दोघं उतरली. जावयाच्या पायावर पाणी घालायला वाकलो, तर श्रीकांत चटकन दोन पावलं मागे सरला. अगदी अदबीने म्हणाला, राहू द्या बाबा, आज पाय स्वच्छ आहेत. आम्ही ऑटोने आलो.
पाणी तुळशीला घातलं.