सहा अँटेना आणि एक किल्ली

३ तारीख, संध्या. ७
आजपासून घरच्या इंटरनेटचा कारभार माझ्या हाती. मुलीचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू १९ला, सकाळी अकराला. दोन वर्षं घरी बसून आहे, ही नोकरी मिळायलाच हवी. आणि इथलं नेट तर दर दहा मिनिटांनी मान टाकतं. ही म्हणाली, नेटच्या कंपनीचा माणूस बोलावू या. म्हटलं, बावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळणाऱ्याला एक डबा सांभाळता येणार नाही?

५ तारीख
राउटर आणला. दुकानदार दोन अँटेनांचा दाखवत होता, तीन खोल्यांना पुष्कळ झाला म्हणे. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सहा अँटेनांचा घेतला. कुठे ठेवायचा यावर तो बराच वेळ बोलला. ऐकून घेतलं. विकणाऱ्याला बोलावंच लागतं.

६ तारीख
मुलगी म्हणते, हॉलमध्ये उंचावर, मोकळा ठेवा. मोकळा! धूळ, पाली, पाहुण्यांची कार्टी. स्टोअरचा नियम साधा आहे: चांगली वस्तू कुलपात. बेडरूममधलं लोखंडी कपाट सगळ्यात भक्कम. वायरीसाठी मागून भोक पाडलं. ड्रिल जरा जास्त आत गेलं, हिच्या आईने विणलेला स्वेटर मधे आला. आई गेल्याला चार वर्षं झाली, आणि ही तो घालत कुठे होती? नुसती जपत होती. किल्ली माझ्या खिशात.

९ तारीख
हॉलमध्ये रेंज शून्य. दोष राउटरचा नाही, वापरणाऱ्यांचा. मुलगी फोन खिडकीबाहेर धरून उभी राहते. मोबाइलचं नेट आमच्या गल्लीत येत नाही, हे तिला कितीदा सांगायचं?
पासवर्ड बदलला. अठ्ठावीस अक्षरी. हिला एकदाही जमला नाही. मला चौथ्या खेपेला जमला.

१२ तारीख
हिने मला न विचारता कंपनीच्या तंत्रज्ञ बाई बोलावल्या. बाईंनी राउटर पाहिला, कपाट पाहिलं, मग बराच वेळ मला पाहिलं. म्हणाल्या, लोखंडातून सिग्नल बाहेर पडत नाही साहेब, बाहेर काढा, एवढंच काम आहे. एवढंच! अभ्यास कच्चा. पाणीसुद्धा न पिता गेल्या.
तरी मी आडमुठा नाही. इंटरव्ह्यूच्या दिवशी कपाटाचं दार उघडं ठेवायचं आणि मुलीने समोर खुर्ची टाकून बसायचं, असं ठरवलं.

१८ तारीख
रंगीत तालीम. दार उघडं, मुलगी खुर्चीत. चित्र लख्ख! मुलगी चक्क हसली. मी म्हटलं, बघ, बाप शेवटी बाप असतो.

१९ तारीख, रात्री ९
नेहमीप्रमाणे साडेआठला निघालो. निघताना हात आपोआप कपाटाकडे गेला. बावीस वर्षांची शिस्त. कुलूप लावलं, किल्ली खिशात.
स्टोअरमध्ये फोन ड्रॉवरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर मुलीचे चौदा मिस्ड कॉल. सुरुवातीलाच तिचं चित्र गोठलं म्हणे, तोंड उघडं असताना. ते लोक सात मिनिटं थांबले आणि धन्यवाद म्हणाले.
सात मिनिटं थांबता येत नाही अशा कंपनीत जाऊच नये. तिला तसं समजावलं. जेवली नाही. बरंच झालं, वजन वाढतच होतं.

२४ तारीख
पाच दिवस नेटबद्दल एकही तक्रार नाही. सिस्टिम स्थिरावली! मी सांगतच होतो, धीर धरा. मुलगी दुपारभर खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडे असते. शिवणकाम शिकत असावी. उशिरा का होईना, अक्कल आली.

२ तारीख
मुलीला नोकरी लागली! दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत. इंटरव्ह्यू २६लाच झाला होता, व्हिडिओवरच. मला सांगितलं नाही, सरप्राइज असणार. स्टोअरमध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि सहा अँटेना म्हणजे काय ते समजावलं.

८ तारीख, संध्या. ७
सकाळी मुलगी गेली. बॅगेला मला हात लावू दिला नाही.
दुपारी राउटरचं ॲप उघडलं. जोडलेली उपकरणं: १. तो माझाच फोन. ॲप बिघडलं असेल म्हणून हिला विचारलं. भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणाली, वीस तारखेपासून आम्ही दोघी टेलरबाईंच्या वायफायवर आहोत. इंटरव्ह्यूही त्यांच्या दुकानातून दिला, शिलाई मशीन बंद ठेवून.
म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, पोरीने शपथ घातली होती. बाबांना कळलं तर ते खाली जाऊन तेही दुरुस्त करतील.
खाली जाऊन पासवर्ड मागितला. टेलरबाई खूप वेळ माप घेत राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्या मुलीला विचारून सांगते.
आत्ता तिचा व्हिडिओ कॉल आला, हिच्या फोनवर. ही फोन घेऊन खाली गेली. जिन्यातून दोघींचं हसणं ऐकू येतंय.
मी कपाटाचं दार सताड उघडलंय आणि समोरच्या खुर्चीत बसलोय. इथे रेंज फुल आहे.